मास्क आणि बसलेला आवाज: आरोग्यसेवेत काम करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नर्स, निवासी डॉक्टर, दंतवैद्य, फिजिओथेरपिस्ट, लॅबमधले, रिसेप्शनवरचे, सफाई कर्मचारी. कामं वेगवेगळी, पण आवाजाबद्दलचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात. ते इथे एकत्र केले आहेत. एखाद्या उत्तराचा दुसरा धागा आणखी कुठे असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. ड्युटीवर निघायच्या घाईत असाल तर आधी प्रश्न ४ आणि प्रश्न १२ वाचा.

१. रोज मास्क लावून आवाज कायमचा खराब होतो का?

मास्क स्वरतंतूंना काहीही करत नाही. तो तोंडावर असतो, ते घशात असतात. त्रास होतो तो मास्कवर मात करण्यासाठी आपण जे करतो त्यामुळे. आवाज चढवतो, मान पुढे काढतो, जबडा आवळून बोलतो, आणि हे पूर्ण ड्युटीभर चालतं. हा फरक लक्षात घेणं गरजेचं आहे, कारण अनेक जण ‘मास्क जरा सैल ठेवला तर?’ असा उपाय शोधतात. सैल मास्कने संरक्षण जातं आणि ओरडण्याची सवय मात्र तशीच राहते.

बहुतेकांचा आवाज बोलण्याची पद्धत बदलल्यावर पूर्ववत होतो. रेंगाळतात ते महिनोन्महिने दुखणं अंगावर काढलेले.

२. मी अक्षरशः ओरडून बोलते, तरी पेशंट ‘काय?’ म्हणतो. असं का?

कारण मास्क सगळा आवाज सारखा अडवत नाही. खालच्या पट्टीची कंपनं जवळजवळ तशीच पार होतात, वरची अडकतात. मोजमापांत २००० ते ७००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात साधा सर्जिकल मास्क सुमारे ३ ते ४ डेसिबल आणि एन-९५ मास्क १२ डेसिबलच्या आसपास आवाज कमी करतो, असं आढळलं आहे. नेमका याच पट्ट्यात स, श, ख, ठ, फ अशा व्यंजनांचा बारीक भाग असतो. कोणीतरी बोलतंय हे स्वरांवरून कळतं, पण काय बोलतंय ते बरंचसं व्यंजनांवरून. ओरडल्यावर मुख्यतः स्वरच फुगतात. म्हणून ‘सात मिली की साठ मिली?’ हा घोळ कितीही मोठ्याने बोललं तरी मिटत नाही.

त्यात ओठ झाकलेले. ऐकू व्यवस्थित येणारी माणसंही नकळत समोरच्याचे ओठ वाचत असतात. आणि आजूबाजूला मॉनिटर, सक्शन, व्हेंटिलेटर, नातेवाइकांची बोलणी. गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप चढतो. एतिएन लोंबार्ड या फ्रेंच कान-नाक-घसा तज्ज्ञाने १९११ मध्ये हे नोंदवलं, म्हणून याला लोंबार्ड परिणाम म्हणतात. हे आपोआप होत असल्यामुळे ‘हळू बोला’ असं नुसतं बजावून फारसं काही साधत नाही.

३. कोणत्या मास्कमध्ये आवाजाला कमी त्रास होतो?

आधी एक स्पष्ट सांगतो. मास्क संसर्गाचा धोका पाहून निवडायचा, आवाजाची सोय पाहून नाही. पण कशात किती अडतं हे माहीत असलं की त्याप्रमाणे बोलता येतं. सर्जिकल मास्क सगळ्यात कमी अडवतो, एन-९५ जास्त. त्यावर फेस शील्ड चढवलं की आणखी भर पडते. शिवाय शील्डवर आपटून तुमचाच आवाज तुमच्या कानावर येतो, त्यामुळे स्वतःच्या आवाजाचा अंदाज चुकतो.

पारदर्शक खिडकीच्या मास्कबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. त्यात ओठ दिसतात, पण प्लॅस्टिक कापडापेक्षा जास्त आवाज अडवतं. ऐकू कमी येणाऱ्या, ओठांवर अवलंबून असलेल्या माणसाशी बोलताना तो उपयोगी. दिवसभरासाठी तुमच्या घशाला त्यातून सूट मिळत नाही. पंख्यावर चालणाऱ्या हुडमध्ये पंख्याची घरघर थेट कानाशी असते, त्यामुळे आत असलेला माणूस गरज नसताना मोठ्याने बोलतो.

४. मोठ्याने न बोलता समोरच्यापर्यंत पोहोचायचं कसं?

सगळ्यात आधी जवळ जा. मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने जास्त पोहोचतो. बंद खोलीत भिंतींवरून आवाज परततो म्हणून फायदा थोडा कमी होतो, पण होतो. म्हणजे दोन मीटरवरून एक मीटरवर आलात तर सर्जिकल मास्कने खाल्लेलं बरंचसं परत मिळालं, तेही घशाला काडीचा त्रास न देता. वॉर्डच्या दारात उभं राहून पलीकडच्या कॉटवर हाक मारणं ही माझ्या मते आवाजाला सगळ्यात महाग पडणारी सवय आहे. चार पावलं चालायची, बस.

मग गोंगाट. बोलायच्या आधी दार लोटा, टीव्ही बंद करा, गरज नसताना घुरघुरत राहिलेलं सक्शन बंद करा. अलार्म वाजत असेल तर आधी त्याच्याकडे बघा, मग बोला. अलार्मच्या वरताण आवाज काढून हँडओव्हर (पुढच्या ड्युटीवाल्याला रुग्णांची माहिती) देण्यात काही शौर्य नाही.

आता प्रत्यक्ष बोलणं. समोरच्याची नजर तुमच्याकडे वळली की मगच सुरुवात करा. एका दमात एकच गोष्ट सांगा. वेग कमी करायचा म्हणजे शब्द रबरासारखे ताणायचे नाहीत, तर दोन शब्दगटांच्या मध्ये थांबायचं. आणि मास्कच्या आत ओठ, जीभ, जबडा पूर्ण हलू द्या. मास्क सरकेल या भीतीने दात आवळून बोलणारे खूप आहेत. त्यांचे शब्द अस्पष्ट होतात आणि सगळा भार घशावर येतो. नीट मापाचा एन-९५ बोलताना सुटत नाही. फिट टेस्टमध्ये (मास्क चेहऱ्यावर घट्ट बसतो का याच्या चाचणीत) उतारा वाचायला किंवा बोलायला लावतात ते हेच पाहण्यासाठी. तुमचा सुटत असेल तर दुसरा आकार मागून घ्या.

वाक्य कळलं नाही तर तेच आणखी जोरात म्हणू नका, शब्द बदला. ‘उपाशीपोटी या’ हे पोहोचलं नाही तर ‘सकाळी काही न खाता या’ म्हणा. दुसऱ्या शब्दांना दुसरी व्यंजनं असतात आणि त्यातलं काहीतरी पार होतं.

आकडे मात्र कधीही सुटे करून सांगा. ‘साठ मिली, सहा-शून्य’. ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवायचं आणि तुम्ही ‘बरोबर’ म्हणायचं. याने घसा वाचतोच, पण डोस चुकण्याचा धोका टळतो हे त्याहून मोठं. आणि एकच सूचना दिवसभर प्रत्येकाला सांगत असाल तर ती मोठ्या अक्षरांत छापून हातात द्या किंवा भिंतीवर लावा.

५. ड्युटी संपेपर्यंत आवाज बसतो, सकाळी उठल्यावर ठीक असतो. मग काळजी कशाला करायची?

सकाळी पूर्ण ठीक असेल तर ही आवाजाची थकावट आहे, आजार नाही. पण ही पहिली घंटा आहे. बोलताना स्त्रियांचे स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा, पुरुषांचे १०० ते १३० वेळा एकमेकांवर येतात. म्हणजे स्त्रीच्या आवाजातल्या सलग एका मिनिटात सुमारे १२,००० टकरा. आवाज चढवला की प्रत्येक टक्कर जास्त जोराची होते. रात्रीच्या शांततेत ही झीज भरून निघते, पण तेवढा वेळ मिळाला तरच.

बघायचं ते हे. बरं व्हायला लागणारा वेळ वाढतोय का? आधी रात्रीत सुधारायचा तो आवाज आता सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत घोगरा राहतो का? बारीक, वरच्या पट्टीत हळू गुणगुणताना आवाज मध्येच तुटतो किंवा नुसती हवा निघते का? हे शेवटचं घरच्या घरी करून पाहण्यासारखं आहे. स्वरतंतूंवरची सूज सगळ्यात आधी तिथेच जाणवते, साध्या बोलण्यात ती लपून जाते.

६. एन-९५ घालून बोलताना दम लागतो आणि वाक्याचा शेवट गळून पडतो. काय करू?

एन-९५ मधून श्वास ओढायला थोडा जास्त जोर लागतो. त्यामुळे खांदे उचलून वरवरचा श्वास घेतला जातो आणि तो संपला तरी आपण वाक्य ‘पुरं करतो’. ते शेवटचे दोन-तीन शब्द घसा आवळून बाहेर ढकललेले असतात आणि घशाचं दुखणं बरंचसं तिथून सुरू होतं. उपाय साधा आहे, अंगवळणी पडायला मात्र वेळ लागतो. श्वास संपायच्या आधीच थांबा. वाक्य अर्धं राहिलं तरी चालेल. नाकाने श्वास घ्या, तो खांद्यांत न जाता बरगड्या-पोटाकडे जाऊ द्या, मग पुढचा तुकडा बोला.

स्वस्थ बसल्यावरही किंवा मास्क काढल्यावरही दम लागत असेल तर तो आवाजाचा प्रश्न नाही. तपासून घ्या.

७. पीपीई किट चढवल्यावर तासन्‌तास पाणी पिता येत नाही. आवाजावर परिणाम होतो का?

होतो. पण पाणी काम कसं करतं हे कळलं तर उपायही कळतो. प्यायलेलं पाणी स्वरतंतूंवरून जात नाही, ते अन्ननलिकेत जातं. स्वरतंतूंवर थेंबभर गेलं तरी ठसका लागतो. शरीरातलं एकूण पाणी पुरेसं असलं की तिथला पातळ ओलावा टिकतो, आणि याला वेळ लागतो. म्हणून किट चढवण्याआधी घटाघटा प्यायलेल्या बाटलीचा फारसा उपयोग नाही. आदल्या संध्याकाळपासून आणि सकाळी थोडं थोडं प्या, किट काढल्यावर पुन्हा प्या. लघवीचा रंग फिकट असेल तर ठीक चाललंय.

मास्कच्या आत हवा दमट असते, मग घसा कोरडा का, असंही विचारलं जातं. कारण बहुतेक वेळा तोंडाने श्वास घेणं हे असतं. नाक चोंदलेलं असेल तर त्यावर इलाज करा. चहा-कॉफीला उगाच बदनाम केलंय. रोजच्या बेताच्या प्रमाणात त्याने शरीर कोरडं पडत नाही. आम्लपित्त असेल तर गोष्ट वेगळी (प्रश्न १४). आणि हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा घातली असेल तर ती पाळायची, आवाजासाठी ओलांडायची नाही.

बाथरूमला जावं लागू नये म्हणून पाणीच न पिणाऱ्या बऱ्याच नर्स आहेत. हा त्यांचा दोष नाही, ड्युटी लावणाऱ्याचा आहे. त्याबद्दल प्रश्न १६ मध्ये.

८. सतत घसा खाकरावासा वाटतो. खाकरलं की बरं वाटतं, पुन्हा तेच.

खाकरताना स्वरतंतू जोरात एकमेकांवर आपटतात. त्याने तिथे आणखी स्राव येतो आणि पुन्हा खाकरावंसं वाटतं. हे चक्र तोडायला आवंढा गिळा, किंवा तोंड मिटून हलकेच ‘म्‌’ असा हुंकार काढा. मास्कखाली दोन्ही जमतं. तीन-चार आठवडे असंच चालू राहिलं तर कारण शोधावं लागेल. नाकामागून उतरणारा शेंबूड, आम्लपित्त किंवा एखादं औषध.

९. आवाज बसल्यावर कुजबुजत बोललं तर विश्रांती मिळते ना?

बहुतेकांना नाही. कुजबुजताना अनेक जण घसा आवळतात, आणि मास्कमधून कुजबुज ऐकू जावी म्हणून आणखी जोर लावतात. त्यापेक्षा हळू, सैल, नेहमीच्या सुरात थोडंच बोला. पूर्ण मौन सहसा लागत नाही. अपवाद आहे, तो प्रश्न १२ मध्ये.

जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं खरोखर गप्प बसणं मात्र फायद्याचं. सहकाऱ्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर रुसलात असं वाटेल.

१०. वाफ, गुळण्या, चघळायच्या गोळ्या यातलं काय उपयोगी?

वाफेने ओलावा थेट स्वरतंतूंपर्यंत पोहोचतो, तात्पुरता आराम पडतो. उकळत्या पाण्यावर तोंड धरून भाजून घेऊ नका. गरम पाण्याने अंघोळ करताना घेतलेली वाफही पुरते. गुळण्या तोंड आणि घशाच्या मागच्या भागापर्यंत जातात, स्वरयंत्रापर्यंत नाही. मेंथॉलच्या तीव्र गोळ्यांनी घसा बधिर आणि थंड वाटतो, दुखणं जाणवत नाही आणि माणूस त्याच आवाजावर आणखी ताण देतो. चघळायचंच असेल तर बिनमेंथॉलचं काही घ्या.

११. ड्युटीवर करता येईल असा काही व्यायाम आहे का?

आहे. मास्क सुरक्षितपणे काढता येतो अशा विश्रांतीच्या खोलीत, स्वच्छ हातांनी, एक स्ट्रॉ घ्या. स्ट्रॉ ओठांत धरून त्यातून ‘ऊ’ असा हलका सूर काढा. नाकातून हवा जाऊ देऊ नका, गाल फुगवू नका. सूर हळूच खालून वर आणि वरून खाली न्या. स्ट्रॉचं टोक पाण्यात दोन बोटं बुडवून बुडबुडे काढत केलं तरी चालतं. तोंडाशी अडथळा असला की घशातला हवेचा दाब असा जुळतो, की स्वरतंतू फार न आपटता सहज कंप पावतात. ड्युटीच्या आधी दोन-तीन मिनिटं, नंतरही तेवढंच.

मास्क काढता येत नसेल तर तोंड मिटून गुणगुणा. ओठांवर, नाकाच्या आसपास झिणझिण जाणवली की बरोबर चाललंय. दुखत असेल तर थांबा.

१२. डॉक्टरकडे नेमकं कधी जायचं?

आवाज ४ आठवड्यांत सुधारला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्यावं. तोवर अँटिबायोटिकचे कोर्स करत बसू नका, साध्या आवाज बसण्यावर त्यांचा उपयोग नसतो.

चार आठवडे थांबायचं नाही, अशाही गोष्टी आहेत. श्वास घेताना घर्रघर्र आवाज येणं किंवा श्वास अडकणं. गिळताना त्रास. थुंकीतून रक्त. मानेत गाठ. कारण नसताना वजन उतरणं. मान, छाती किंवा थायरॉइडचं ऑपरेशन झाल्यावर, किंवा घशात श्वासासाठी नळी घातल्यानंतर बदललेला आवाज. तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांनीही वाट पाहू नये.

आणि एक वेगळा प्रकार. कोणाला तरी जोरात हाक मारली, खोकला आला, आणि त्या क्षणी आवाज गेला. यात स्वरतंतूत रक्तस्राव झालेला असू शकतो. अशा वेळी बोलणं पूर्ण बंद ठेवून तातडीने तपासणी करा. हाच तो पूर्ण मौनाचा प्रसंग. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, स्वतःहून मात्र ती बंद करू नका.

१३. दुर्बिणीत ‘नोड्यूल’ निघाले. ऑपरेशन करावं लागणार का?

सहसा आधी नाही. दिवसचे दिवस अवजार धरून तळहाताला घट्टे पडतात, तसंच काहीसं दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर होतं. प्रौढांमध्ये स्त्रियांना जास्त. पहिला इलाज व्हॉइस थेरपी (आवाज नीट वापरायचं प्रशिक्षण) आणि बोलण्याची पद्धत बदलणं. बरेच नोड्यूल त्याने लहान होतात किंवा जातात. सवय तीच ठेवून नुसतं ऑपरेशन केलं तर ते पुन्हा येतात. एकाच बाजूला वाढलेल्या पॉलिपला (मऊ फुगवट्याला) मात्र अनेकदा ऑपरेशन लागतं.

रिपोर्ट ‘नॉर्मल’ आणि आवाज मात्र फाटका, असंही होतं. याचा अर्थ तक्रार खोटी असा नाही. स्वरतंतू ठीक असूनही भोवतीचे स्नायू आवळून बोलण्याचा विकार असतो आणि मास्क लावून काम करणाऱ्यांत तो शोधावाच लागतो. त्यावरही थेरपीच चालते.

१४. मला दमा आहे, इनहेलर चालू आहे. आवाज मास्कमुळे बसतो की इनहेलरमुळे?

दोन्हीमुळे बसू शकतो. स्टेरॉइड इनहेलरने आवाज घोगरा होतो, कधी घशात बुरशी धरते. घेतल्यावर चूळ भरून, गुळण्या करून पाणी थुंकून टाका. स्पेसर (इनहेलरला जोडायची पोकळ नळी) वापरा. इनहेलर बंद करू नका. आवाजासाठी दमा उखडवून घेणं हा तोट्याचा सौदा आहे.

सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या घसा कोरडा पाडतात. आणि सकाळी आवाज जास्त खराब, दिवसा सुधारतो, असं उलटं असेल तर आम्लपित्ताचा विचार करावा. नाइट ड्युटीवर उशिरा पोटभर खाऊन लगेच आडवं होणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. मास्कच्या ताणाने आवाज साधारणपणे ड्युटीच्या शेवटी खराब होतो.

१५. जंतुनाशकाचा वास आला की घसा एकदम आवळतो, श्वास आत जात नाही, आवाज बंद. हा मास्कचा त्रास आहे का?

बहुधा नाही. श्वास घेताना स्वरतंतू उघडण्याऐवजी मिटायला लागतात असा एक विकार आहे आणि तीव्र वास हे त्याचं एक कारण. अनेकांना दमा समजून पंपावर पंप दिले जातात, फरक पडत नाही. बाहेर सोडताना नव्हे तर आत घेताना अडत असेल, तर डॉक्टरांना तसंच, याच शब्दांत सांगा. यावर श्वासाची ठरावीक थेरपी आहे. कोणत्या रसायनाने होतं याची नोंद ठेवा. पहिल्यांदाच असा झटका आला तर मात्र घरगुती निदान नको, थेट तातडीची मदत घ्या.

१६. व्हॉइस ॲम्प्लिफायर वापरला तर चालेल? आणि हे सगळं वरिष्ठांना सांगायचं कसं?

कमरेला अडकवायचा छोटा ॲम्प्लिफायर गटाला सूचना देणाऱ्यांना, शिकवणाऱ्यांना, रिसेप्शनला खरंच उपयोगी पडतो. अट एकच. माइकची वायर किंवा दांडी एन-९५ च्या कडेखालून जाता कामा नये, सील तुटतं. माइक मास्कच्या बाहेर ठेवा किंवा गळ्याला लागणारा घ्या. पुसून निर्जंतुक होणारा असावा आणि संसर्ग नियंत्रण पथकाला आधी विचारावं. रुग्णाची खासगी माहिती त्यावरून बोलू नका, अख्खा वॉर्ड ऐकतो.

वरिष्ठांकडे ‘घसा दुखतो’ म्हणून गेलात तर गरम पाण्याचा सल्ला मिळेल. त्यापेक्षा ‘मास्कमधून डोस नीट ऐकू जात नाहीत’ हे सांगा, कारण हा रुग्णसुरक्षेचा मुद्दा आहे आणि तो टाळता येत नाही. सोबत नेमकी मागणी ठेवा. पाण्यासाठी ठरलेली सुट्टी, आकडे परत म्हणून घेण्याचा नियम, काचेच्या काउंटरवर इंटरकॉम. आवाजाच्या त्रासाची १० प्रश्नांची एक प्रचलित प्रश्नावली कान-नाक-घसा विभागात मिळते. ती भरून तारीख टाकून ठेवली तर तुमच्या म्हणण्याला कागदाचा आधार मिळतो.

१७. महत्त्वाचं सांगताना क्षणभर मास्क खाली ओढला तर?

नाही. बोलताना तोंडातून थेंब उडतात, म्हणजे मास्क नेमका त्याच क्षणी हवा असतो. शिवाय पुढच्या बाजूला हात लागतो आणि एन-९५ परत तसाच बसत नाही. लिहून दाखवा. फोनवरच्या नातेवाइकाला सांगायचं असेल तर धोक्याच्या जागेतून बाहेर या, रीतसर मास्क काढा, मग बोला.

१८. मी सगळं करतो, तरी लोक म्हणतात मी ओरडतो. मला स्वतःला मात्र तसं वाटत नाही.

तुमचे कान तपासून घ्या. ऐकू कमी यायला लागलेला माणूस स्वतःचा आवाज नकळत वाढवतो, आणि सगळ्यांच्या मास्कमुळे ऐकण्यातली ही सुरुवातीची घट उघडी पडते. तोपर्यंत ओठ वाचून निभावलेलं असतं, ते कोणाच्या लक्षातही आलेलं नसतं.